पोट्टे, कूलर आणि कुरडया

मे महिन्यात माहेरी अकोल्याला चाललेय असं सांगितलं की आमच्या पुण्यातल्या सोसायटीतल्या बायका अशा बघतात, जसं काही मी पोरांना भट्टीत घालायला नेतेय. "अगं दिवाळीत जा ना!" दिवाळीत जातेच की, पण तेव्हा मिळतात चार दिवस आणि त्यातले दोन सासरी. मे मध्ये चांगले तीन आठवडे मिळतात. पारा ४४-४५ असला तरी चालेल, सकाळी उठल्यावर आयता चहा मिळतो, तो पण आईच्या हातचा, याची किंमत दोन पोरांच्या आईलाच कळते.

तर पोरं दोन. दादा सातचा, बारक्या चारचा. दोघांनाही चालणे हा प्रकार माहिती नाही. हॉलमधून किचनमध्ये पाणी प्यायला यायचं तरी पळत, पाणी पिऊन परत जायचं तरी पळत, आणि मध्ये जे काही असेल (टीपॉय, वाळत घातलेले कपडे, मी) त्याला धडकून. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे आठवड्यातून दोन फोन ठरलेले. मी पण काय करू, ६५० स्क्वेअर फुटाच्या फ्लॅटमध्ये पोरांना भिंतीवर टांगून तर ठेवू शकत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर आता बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होते तेव्हा थंडीतच मे चं ठरवायला लागायचं. त्यामुळे मार्चमध्ये सकाळी ८ ला मी लॅपटॉपवर, नवरा मोबाईलवर असे दोघं बसलो आणि महाराष्ट्र एक्सप्रेसचे दोन बर्थ मिळाले. दोनच, कारण बारक्या पाचच्या आत म्हणून त्याला तिकीट नाही आणि दादाला बर्थ हवा तर पूर्ण तिकीट, अर्धं तिकीट काढलं की जागा मिळत नाही. म्हणजे बारक्या माझ्या बर्थवर. तुम्ही कधी चार वर्षांच्या पोराबरोबर स्लीपरच्या एका बर्थवर झोपलायत का? तो झोपेतसुद्धा पळतो. रात्रभर माझ्या बरगड्यांवर फुटबॉल चालू होता आणि सकाळी भुसावळला गाडी थांबली तेव्हा हा एकदम ताजातवाना उठून समोरच्या अनोळखी आजोबांना विचारतोय, तुम्ही घोरत होता का गाडी घोरत होती. आजोबा चांगले होते. शेगावला त्यांनीच कचोऱ्या घेऊन दिल्या. बारक्याने मोठ्या तोऱ्यात घास घेतला आणि पुढचा अर्धा तास, म्हणजे पार अकोला येईपर्यंत, जीभ बाहेर काढून बसला. मी खोटं नाही बोलणार, पूर्ण प्रवासातला तोच एक शांत अर्धा तास.

स्टेशनवर बाबा आलेले, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. त्यांनी दोघांच्या डोक्याला पण तिथल्या तिथे दुपट्टे बांधले, खिशात एकेक कांदा टाकला (ऊन लागू नये म्हणून, आमच्याकडे अजून टाकतात, विज्ञान मला विचारू नका) आणि म्हणाले, "चला बापू, सकाळचं ऊन आहे तोवर घर गाठू." सकाळचं ऊन म्हणजे ३८ असेल तेव्हा.

आता खरा प्रॉब्लेम सांगते. पुणेकरांना हे कळत नाही. अकोल्यात मे महिन्यात साधारण ११ ते ५ कोणी घराबाहेर पडत नाही, रस्ते कर्फ्यू लागल्यासारखे. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, खोलीत अंधार, कूलर धडधडतोय, सगळे पांघरूण घेऊन आडवे. लहानपणी मला वाटायचं जगात सगळीकडे दुपार अशीच असते. मोठ्या माणसांसाठी स्वर्ग आहे हो तो. पण ज्या पोरांना चालता येत नाही, पळताच येतं, त्यांना सहा तास अंधाऱ्या खोलीत कसं ठेवायचं? पहिल्या दुपारी दोघांनी बाबांच्या दिवाणावरून उड्या मारल्या, आईच्या शिलाई मशीनचं पायडल मारून मारून पट्टा काढला, आणि सगळे डुलकी काढत असताना दादाने मागच्या अंगणातल्या टाकीचा नळ सोडून आपली चड्डी धुतली. चड्डी धुतली ठीक आहे, नळ बंद केला नाही. बाबांच्या गल्लीत नळाला रोज पाणी येत नाही. अकोल्याला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी येतं आणि उन्हाळ्यात ते पुरवून पुरवून वापरायचं हे आम्हाला पाळण्यात शिकवतात. साडेचारला आई उठली तेव्हा टाकी रिकामी, अंगण ओलं, आणि ते पण पाच मिनिटात कोरडं.

मी दादाला रट्टा घालणार होते. बाबांनी हात धरला. काही बोलले नाहीत, फक्त संध्याकाळी त्याला बरोबर घेऊन शेजारच्यांच्या बोअरवरून पंधरा बादल्या पाणी आणलं. छोटी बादली दादाच्या हातात. सातव्या बादलीला दादा म्हणाला, आबा हात दुखतोय. बाबा म्हणाले, "हो का. माहा पण." आणि आठवी भरायला गेले.

मग सुरू झाली आमंत्रणं. लेक माहेरी आली म्हटल्यावर सगळ्या भाऊबंदांकडे एकेकदा रसाचं जेवण हे ठरलेलंच आहे, नाही गेलं की पुढच्या वर्षीपर्यंत बोलणी. आमच्याकडे रस म्हणजे नुसता रस नाही, त्याबरोबर तळलेल्या कुरडया, भजी, पोळ्या, आणि वरून "काही घेतलंच नाही वं तू". पहिल्या आठवड्यात पाच घरं झाली. पाच घरी माझी पाच वेळा लाज निघाली. एका चुलतभावाने नवीन घर बांधलंय, खूप सुंदर आहे, पांढरा सोफा, काचेचं कपाट, आणि हॉलमध्ये फिश टँक. मला आत शिरल्या शिरल्या पोटात गोळा आला. बारक्या टँकसमोर इतका शांत बसला की मी पण गाफील राहिले, वहिनीशी बोलत बसले, आणि हा वाटी घेऊन स्टुलावर चढला आणि माशांना रस वाढला. चमच्याने. प्रत्येकाला एक एक. का रे असं केलंस म्हटलं तर म्हणे "त्यांच्या पण मामाकडे आलेत ना ते". मासे वाचले, भावाने धावत धावत पाणी बदललं, वहिनी म्हणाली असू दे वं लहान आहे, पण तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं आणि तिची काही चूक नव्हती.

आणि मग सल्ले. मोबाईल देऊन टाक, गप बसतात. मोबाईल देत जाऊ नको, त्यानेच असे होतात. साखर बंद कर. एक जण म्हणाल्या बाप सोबत नाही ना म्हणून, त्यांना म्हटलं बाप सोबत असला की तिघं पळतात. आणि एका घरी जेवताना ताटावरच विचारलं, "डॉक्टरला दाखवलं का? हायपर आहे का पोट्टं?"

हे मला लागलं. खरंच लागलं. कारण मी दाखवलंय. गेल्या वर्षी रात्री दोन वाजता गुगल करून करून डोकं भणभणल्यावर आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले होते. त्यांनी अर्धा तास बारक्याला खेळू दिलं, मला शाळेबद्दल, झोपेबद्दल, जेवणाबद्दल विचारलं आणि म्हणाले, घरात, शाळेत, खेळताना सगळीकडे सारखंच असेल, निदान सहा महिने तसंच टिकून असेल आणि त्यामुळे त्याचं शिकणं-मिसळणं अडत असेल तर आपण पुढे तपासणी करू, आत्ता मला तीन वर्षांचा मुलगा दिसतोय. शाळेत तो गोष्ट ऐकताना पंधरा मिनिटं बसतो म्हणे. ज्यांना खरंच तो त्रास असतो त्या पोरांची आणि आईबापांची गोष्ट वेगळी आहे, त्यांना मदत लागते आणि मिळायला हवी, पण रसाच्या वाटीवरून असं लेबल चिकटवू नका ना. मी तिथे काही बोलले नाही. परत येताना ऑटोत रडले थोडी. बारक्याने दुपट्ट्याने डोळे पुसले माझे, आणि मग त्याच दुपट्ट्याने नाक पुसलं. स्वतःचं.

घरी आले तर बाबांनी तोंडाकडे बघूनच ओळखलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला हाक मारली, "इकडे या बापू, आजपासून कूलर तुमच्याकडे."

आमचा कूलर म्हणजे जुना लोखंडी पत्र्याचा धूड, तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याचा टब, तो दिवसातून दोनदा भरायचा. विदर्भात दर उन्हाळ्यात पेपरात एक तरी बातमी असतेच, कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून गेल्याची. त्यामुळे बाबांचा नियम कडक, आम्ही लहान होतो तेव्हापासूनचा: बटन बंद, पिन बाहेर, चप्पल पायात, मग पाणी. यातलं बटन आणि पिन फक्त बाबा करणार, पण ती बाहेर आली का ते दादाने डोळ्याने बघायचं आणि मोठ्याने सांगायचं, त्यानंतरच पाण्याचा पहिला मग ओतायचा. दादाने हे इतकं मनावर घेतलं की तिसऱ्या दिवशी मामा ऑफिसातून येऊन सहज कूलरला हात लावायला गेला तर हा ओरडला, "मामा चप्पल!" मामा, बेचाळीस वर्षांचा माणूस, मुकाट्याने चप्पल घालून आला. टबातलं पाणी किती उरलं ते काडीने मोजायचं, वहीत लिहायचं, सकाळी किती मग गेले, संध्याकाळी किती. ज्या पोराने पूर्ण टाकी वाहवून दिली होती तो आता आईला "आजी भांडी जरा कमी पाण्यात धू" म्हणत होता. आई म्हणाली, "आला मोठा इंजिनिअर."

दुपारसाठी पण बाबांनीच युक्ती काढली. त्यांनी शकुंतलेची गोष्ट सांगितली. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, अडीच फुटाचे रूळ, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची, पाऊणशे किलोमीटरला चार तास घ्यायची. माझी आत्या अचलपूरला लागून परतवाड्याला, त्यामुळे मी लहानपणी बसलेय तिच्यात, डोळ्यात कोळशाचा कण गेलेला आठवतो आणि आत्याने पदराला फुंकर घालून लावलेला शेक. आता कित्येक वर्षं बंदच आहे. तर बाबा म्हणाले आपण शकुंतला खेळू. माजघरापासून समोरच्या खोलीपर्यंत रूळ. दादा इंजिन, बारक्या डबा, मामाची मुलगी गार्ड. नियम एकच, शकुंतला पळत नाही. पळाली की रुळावरून घसरली, घसरली की दहा मिनिटं दुरुस्ती, म्हणजे चटईवर आडवं पडायचं. मध्ये स्टेशनं, बाजेखाली अंजनगाव, शिलाई मशीनजवळ मूर्तिजापूर जंक्शन. अहो पोरं चालायला लागली. माझी पोरं. हळूहळू, पाय घासत, कुकच्या आवाजात, तास दीड तास. आणि दुरुस्तीला आडवा पडलेला डबा दोनदा तर तिथेच झोपला. मी दारातून बघत होते आणि मला भीती वाटत होती की मी श्वास जोरात घेतला तर मोडेल हे सगळं.

बारक्याला काम मिळालं ते कुरडयांच्या दिवशी.

कुरडया विकत मिळतात हे मला माहितीय, आईला पण माहितीय, तो विषय आमच्यात बंद आहे. तीन दिवस गहू भिजत होते, रोज पाणी बदलायचं, तरी मागच्या पडवीत आंबूस वास भरून राहिलेला आणि दादा नाक दाबून जायचा. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढला आणि रात्रभर तसाच ठेवला. पहाटे साडेचारला आईने उठवलं. वरचं पाणी हळूच ओतून दिलं की खाली पांढरा घट्ट चीक, बोट घातलं तर आधी दगड आणि मग दही. मोठ्या पातेल्यात मिठाचं पाणी उकळत ठेवलेलं, मोठी आई (आमची मोठी काकू) ओततेय, आई दोन्ही हातांनी लाटण्याने हाटतेय, वाफेने दोघींचे चष्मे पांढरे, आणि दोघी एकमेकींना ओरडतायत, "हळू वं! गुठळ्या होतील!" मोठी आई ७४ ची आहे. ती दरवर्षी म्हणते हे शेवटचं वर्ष. शिजलं की ओलं बोट लावून बघायचं, चिकटलं नाही की झालं. मग गरम गरमच साच्यात भरायचं आणि पळत गच्चीवर.

आमच्या गोंधळाने बारक्या उठला. त्याला वाटीत चीक, दूध, साखर दिली, त्याने तीन वाट्या खाल्ल्या. (पुण्यात हा पोहे मोजून खातो.) गच्चीवर जुन्या धोतरांवर आम्ही कुरडया पाडत गेलो, पावणेसातला उन्हाची धार लागायला लागली आणि कावळे जमले. मोठ्या आईने एक लांब काडी घेतली, तिच्या टोकाला लाल चिंधी बांधली, बाज उभी करून सावली केली, खाली पोतं टाकलं आणि बारक्याला म्हणाली, "बापू, या कुरडया राखा. एक जरी कावळा आला तं मी तुमाले इचारीन." 'तुमाले.' चार वर्षांच्या पोराला अहो जाहो. त्याने काडी घेतली आणि बसला.

मी घड्याळ लावलं होतं. चाळीस मिनिटं. मी मुद्दाम जिन्यात लपून ऐकत होते तर हा कावळ्याशी बोलतोय, "हे आमचं आहे. तू तुझ्या आजीला सांग करायला." साळुंकी आली तर तिला नुसतं बोट दाखवलं. खार आली तेव्हा मात्र नियम आठवेना, मोठ्या आईने कावळा म्हटलं होतं, खारीचं काय, तर खाली येऊन विचारून गेला, चालत.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला एक कावळा पार मधल्या ओळीत उतरला आणि आमचा राखणदार काडी घेऊन त्याच्यामागे सुटला. मधल्या ओळीतून. ओल्या कुरडयांतून. मी वर पोचले तेव्हा अकरा कुरडयांचं पीठ झालेलं, पायाच्या बोटांमध्ये चीक, आणि हा थरथरत उभा, माझ्या तोंडाकडे बघत. मला घाम फुटला. मोठी आई गुडघ्यावर हात ठेवत ठेवत वर आली, बघितलं, आणि विचारलं काय, तर "कावळ्यानं नेली का एखादी?" बारक्याने मान हलवली. नाही. "मग झालं तं." त्या अकरा तिने उचलू दिल्या नाहीत, तशाच वाळवल्या. संध्याकाळी कडक झाल्या तेव्हा एकीवर टाच आणि चार बोटं स्पष्ट.

शेवटचे चार दिवस नवरा आला, परतवाड्याला आत्याकडे जाऊन तिथून चिखलदरा करून आलो, विदर्भातलं एकच थंड हवेचं ठिकाण, पोरं तिथे मोकळी पळाली आणि मी स्वेटर घातला, त्याचे फोटो टाकेन कधीतरी. निघताना ओटीत नारळ, पोरांच्या हातावर शंभर शंभरच्या नोटा, आणि दोन डबे कुरडया. एका डब्यावर आईने पट्टी चिकटवून लिहिलंय 'बारक्याच्या'. काडी पण आली. ट्रेनमध्ये ती काडी कुठे ठेवायची यावर जे रामायण झालं ते जाऊ दे.

१६ जूनला शाळा सुरू झाली तेव्हा दादाचा वेगळाच राग, विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात म्हणून मामाच्या मुलीला अजून सुट्टी आणि मला का नाही. तो अजून वॉशिंग मशीनजवळ जाणाऱ्या प्रत्येकाला चप्पल घालायला लावतो. बारक्या बाल्कनीत काडी घेऊन कबुतरांवर असतो. काल खालच्या काकूंचा फोन आला, आठवड्यातला पहिलाच, की त्या लाल चिंधीची काडी त्यांच्या वाळत घातलेल्या साडीला लागतेय, काय चाललंय वर? मी म्हटलं काकू, तो कुरडया राखतोय. त्या म्हणाल्या, कुठे आहेत कुरडया? मला तर दिसत नाहीत.

म्हटलं डब्यात आहेत, दोन डबे. रविवारी या, शेवटचा आंबा उरलाय, रस करते.